कुमुद टीचर आणि परकी चिन्हं

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. कुमुद टीचर हट्टी होत्या, तुसड्या होत्या, चहात साखर जास्त पडली तर कप परत पाठवायच्या आणि माझ्याच घरी बसून माझ्या सुनेला माझ्याविरुद्ध फितवायच्या. हे सगळं मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे, तेव्हा आता माघारी बोलायला हरकत नसावी. उलट गोडगोड लिहिलं तर तिथून म्हणतील, "सुमन, दहापैकी तीन. परत लिही."

कारण त्या सगळ्यालाच मार्क द्यायच्या. आमटीला, बसच्या ड्रायव्हरला, लग्नाच्या पत्रिकेला. एकदा सत्यनारायणाच्या पूजेत भटजींच्या आवाजाला त्यांनी माझ्या कानात साडेसहा दिले आणि मला हसू आवरेना म्हणून उठून स्वयंपाकघरात जावं लागलं.

टीचर मूळच्या गोव्यातल्या, डिचोली तालुक्यातल्या पाळीच्या, खाणींच्या गावच्या. म्हणायच्या, "आमच्याकडे पांढरा रंग नव्हताच गो. लाल धुळीतून जो उरायचा त्याला आम्ही पांढरा म्हणायचो." जन्मभर हायस्कुलात ड्रॉइंग शिकवलं. निवृत्त व्हायच्या सुमारास त्यांनी काय करावं, तर स्वतःच्याच शाळेत कॉम्प्युटरच्या तासाला शेवटच्या बाकावर जाऊन बसायला सुरुवात केली. वेबसाइट कशी करतात ते आठवीच्या पोरांबरोबर शिकल्या. स्टाफरूममध्ये हसणारे हसले. "हसूं दी," टीचर म्हणाल्या, "हसताना माणसाचं तोंड चित्र काढायला बरं मिळतं." आणि एकेकाचं तोंड त्यांनी जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठीवर काढूनही ठेवलं.

मग त्या पेडण्याला बहिणीकडे राहायला आल्या आणि बाजारात औषधांच्या दुकानावरची खोली घेतली. जिन्याच्या तोंडाशी पाटी लावली: "वेबसाइट करून मिळतील. घाई असलेल्यांनी दुसरीकडे जावे."

मला घाई नव्हती. मी तेव्हा अगदी तरुण होते, नुकती साठ पूर्ण केलेली. जन्म कचेरीत टंकलेखनात गेलेला, आणि आता घरी बसून सुनेच्या डाळीतलं मीठ तपासायचं एवढंच काम उरलेलं. जिना चढून गेले. टीचर अंबाड्यात पेन्सिल खोचून बसलेल्या, साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट.

"काय येतं?"

"टायपिंग."

"आणि?"

"बाकीचं सगळं शिकून घेईन. माझी आकलनशक्ती चांगली आहे."

"म्हणजे काहीच येत नाय. बस."

त्या वयात माणूस स्वतःला फार शहाणं समजतं. मी बसले, आणि पुढची काही वर्षं तिथंच बसले.

टीचरविषयी सांगायचं म्हणजे चोपड्याच्या शांतीच्या घराविषयी सांगायला हवं. ते घर आपल्या नावासकट उभं राहतं की कुणाच्या तरी नावाखाली जातं, एवढाच प्रश्न होता. मोठ्या जगाच्या हिशेबात काहीच नाही. पण टीचरनी त्यावर आपली म्हातारी हाडं पणाला लावली, आणि माझ्या डोळ्यांपुढे त्या येतात त्या तिथल्याच.

आधी ते कपाट समजायला हवं. 'कपाट' हा टीचरचा शब्द. इंटरनेटवर एक फुकटचा संग्रह आहे, त्यात जगभरच्या कंपन्यांची चिन्हं ठेवलेली आहेत. निरोपाच्या अॅपचं, फोटोच्या अॅपचं, बँकांची, विमानांची, गाड्यांची. हजारोंनी. सगळी एकाच मापाच्या चौकोनात, एकाच रंगात, आणि नुसत्या रेषांनी बांधलेली. त्यामुळे मुंगीएवढं करा की हत्तीएवढं, कड फाटत नाही. बाजूला त्या कंपनीच्या खऱ्या रंगाचा क्रमांकही दिलेला. आपण वेबसाइट करतो तेव्हा खाली 'आमचे फोटो इथे पाहा', 'इथे निरोप धाडा' असं दाखवायला ही चिन्हं लागतात. नाव टाकायचं, चिन्ह उचलायचं, लावायचं. एक पैसा पडत नाही.

मला तर खजिनाच सापडल्यासारखं झालं. टीचर मात्र तिथे देवघरात शिरल्यासारख्या शिरायच्या. तिरकं करायचं नाही, ताणायचं नाही, आपल्या आवडीचा रंग फासायचा नाही. "वस्तू फुकट असते गो. वापरणं फुकट नसतं. रेष काढणाऱ्याने रेष दिली, पण चिन्ह ज्याचं त्याचंच. दुसऱ्याच्या देवाला आपला शेंदूर लावायचा नाय."

आणखी एक खोड. प्रत्येक चिन्हाशेजारी ते कशाचं आहे हे त्या अक्षरांत लिहायच्या. मला ते गावंढळ वाटायचं. शहरातल्या साइटवर नुसती चिन्हं असतात, रुबाबदार, आणि आमच्याकडे म्हणजे हत्ती काढून खाली 'हत्ती'! एकदा तोंड वर करून बोललेच.

"माझा भाऊ पाळीला आहे," टीचर म्हणाल्या. "त्याला दिसत नाय. त्याचा फोन त्याला पान वाचून दाखवतो. तुझ्या रुबाबाचं फोन काय वाचणार?"

ही त्यांची वाईट सवय होती. वाद घालायला माणसाने दंड थोपटून उभं राहावं, आणि त्यांनी एका वाक्यात त्याला खाली बसवावं.

तर शांती. चोपड्याला शापोरा नदीच्या काठावर तिचं घर. नवरा मासे मारायचा, तो गेला. मुलगा बोटीवर, वर्षातून एकदा येणारा. पूल नव्हता तेव्हा तिचा सासरा होडीतून माणसं पलीकडे शिवोलीला उतरवायचा, म्हणून सगळा गाव त्या घराला 'तारीवाल्याचं घर' म्हणतो, आणि दारावर तशी पाटीही आहे. शांतीने तीन खोल्या पाहुण्यांसाठी केल्या, एका बुकिंग कंपनीच्या अॅपवर घर चढवलं, आणि स्वतःची साइटही हवी म्हणून आमच्याकडे आली. त्या तीन खोल्यांवर तिचं पोट. टीचरनी तिची साइट केली आणि खालच्या ओळीत चार चिन्हं लावायची ठरवली: निरोप, फोटो, नकाशा आणि ते बुकिंगचं अॅप. एवढ्यात गणपतीची चवथ आली, टीचर पाळीला गेल्या आणि ती खालची ओळ पूर्ण करायचं काम माझ्या हुशार हाती आलं.

आता चवथीत आमच्या लोकांच्या डोक्यात दुसरं काय असणार? माटोळी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि ती रानातल्या फळांनी, पानांनी, फुलांनी भरून टाकायची. जितकं जास्त, जितकं दुर्मीळ, तितकं घराचं नाक वर. चार वस्तूंची माटोळी कधी कुणी पाहिली आहे? माझ्यासमोर फुकटचं भरलेलं कपाट, आणि शांतीच्या साइटखाली ती ओकीबोकी ओळ. मी लावत सुटले. दोन-तीन प्रकारची कार्डं लावली. एक विमान कंपनी लावली, पंख छान होता. कसलीशी कॉफी. एक परदेशी मोटार. सगळ्यांना झेंडूचा रंग दिला आणि वाऱ्यावर हलल्यासारखी वाटावीत म्हणून एकाआड एक तिरकी केली. काय सुरेख दिसत होतं! शेजारणीला बोलावून दाखवलं.

चवथीनंतरचं पहिलं जोडपं पुण्याहून आलं. जाताना नवऱ्याने शांतीच्या हातात कार्ड दिलं. शांतीने ते दोन्ही हातांनी घेतलं, उलटसुलट पाहिलं, "बरें आसा" म्हणाली आणि परत दिलं. तिला वाटलं, ओळख म्हणून दाखवतो आहे. तो म्हणे, मशीन कुठे आहे? तुमच्या साइटवर तर चिन्ह आहे. त्याच्या बायकोला सकाळी कॉफीचं मशीनही हवं होतं. पुढचा पाहुणा विमानतळावर बसून राहिला, घरची गाडी न्यायला येईल म्हणून. मला शांतीचा फोन: "सुमनबाय, माज्या घरात आनी कितें कितें आसा तें एकदां सांगून सोड."

टीचर आल्या. साइट उघडली.

"माटोळी म्हणून दहापैकी दहा," त्या म्हणाल्या. "वेबसाइट म्हणून शून्य. दारात चिन्ह लावणं म्हणजे शब्द देणं, सुमन. तू शांतीच्या नावाने अर्ध्या जगाला शब्द देऊन बसलीस."

एक गोष्ट खरी, की त्यांनी ते माटोळीचं चित्र छापून खोलीत भिंतीवर लावलं आणि कुणीही आलं की "ही आमच्या सुमनची कला" म्हणून ओळख करून द्यायच्या. तुसड्या म्हटलं ना.

साइटवर पुन्हा ती चारच चिन्हं ठेवल्यावर दोन-तीन मोसम नीट गेले. मग एका पावसाळ्याच्या शेवटाला त्या बुकिंग कंपनीचा माणूस चोपड्यात फिरू लागला. नदीकाठच्या घरांना त्यांचं म्हणणं असं: तुमची साइट बंद करा, तुमची पाटी उतरवा, दारावर आमचं चिन्ह आणि आमचा क्रमांक लावा, खोल्या भरायचं आम्ही बघतो. शांतीच्या डावीउजवीकडच्या घरांनी सह्या केल्या. मुलाने बोटीवरून फोन केला, "आई, सही कर, कटकट नको." शांतीने आम्हाला बोलावलं. आम्ही पेडण्याहून बसने गेलो, तर तो माणूस आधीच बाल्कांवात, दारापुढच्या बाकांच्या ओट्यावर, बसलेला. तिशीचा, सावंतवाडीकडचा, इस्त्रीचा शर्ट, खिशावर कंपनीचं चिन्ह भरलेलं: एक पाखरू, आणि त्याची शेपटी म्हणजे चावी.

"काकी, नावात काय आहे?" तो शांतीला समजावत होता. "सगळ्या जगात हे पाखरू ओळखतात. तारीवाल्याला कोण ओळखतं?"

टीचर तोंड उघडणार, तोच शांती त्यांच्याकडे वळली. "टीचर, तुमी काय सांगतलात तां माका म्हायत आसा. पण खोली रिकामी ऱ्हवली तर मी काय नांव खांव?"

टीचर पिशवी मांडीवर घेऊन बाकावर टेकल्या. त्या पोराला वाटलं, जिंकलो. त्याने आणखी एक खिळा ठोकला.

"आणि सही करायची नसेल, तर तुमच्या साइटवरून आमचं चिन्ह काढावं लागेल. ते आमच्या मालकीचं आहे."

टीचरनी मान वळवली. "तुमचंच आहे बाबा. कोण नाही म्हणतं? मालकीचं आहे म्हणजे ओळखीचंही असणार." अंबाड्यातली पेन्सिल उपसली, पिशवीतून कागद काढला. "काढ बघू."

"काय?"

"तुमचं पाखरू. न बघता. शांती, याच्या खिशावर टॉवेल टाक."

शांतीने खरंच खांद्यावरचा टॉवेल त्याच्या छातीवर पसरला. न्हाव्याकडे बसल्यासारखा दिसू लागला बिचारा. नाही म्हणावं तर दोन म्हाताऱ्यांपुढे भ्यायल्यासारखं होईल, म्हणून काढायला बसला. एक पाखरू काढलं, खोडलं, दुसरं काढलं. कोंबडी झाली. शेपटीला चावी जोडली. कानशिलावरून घाम.

टीचरनी लाल पेन्सिल काढली. ती पिशवीत कायम असायची. "पाखराचं तोंड उजवीकडे, तू डावीकडे केलंस. चोच मिटलेली आहे, तू उघडी ठेवलीस, बहुतेक सवयीने. चावीला दात तीन, तू पाच दिलेस. दहापैकी चार. त्यातले दोन घाबरूनही बसलास म्हणून."

"काकी, मी मार्केटिंगला आहे. माझं काम ड्रॉइंगचं नाही."

"बरोबर. आता शांती, तू. दाराकडे पाठ कर. तुझ्या पाटीचं सांग."

शांती हसत होती, ती एकदम थांबली. पाठ करून उभी राहिली.

"मामांच्या होडयेची फळी ती," ती म्हणाली. सासऱ्याला ती मामा म्हणायची. "होडी मोडली तेन्ना त्यांनी ती काडून दवरली. अक्षरां त्यांनीच कोरली, वाकडी आसात. 'घर' लिवपाक जागो उरलो नाय म्हणून तां ल्हान जालां. वयर उजवे बाजूक खिळ्याचां भोक आसा, थंयसून मुंयो येतत. पावसात फळी फुगता, तेन्ना..."

मग शांतीने डोळे पुसले, त्या पोराच्या छातीवरचा टॉवेल ओढून घेतला आणि खांद्यावर टाकला.

"पुता, चा पी आनी वच. पाटी ऱ्हवतली."

लोक मागाहून म्हणाले, टीचरनी शांतीला भरीला घातलं. खोटं. टीचरनी फक्त परीक्षा घेतली, उत्तर तिचं होतं.

त्याच संध्याकाळी टीचरनी साइटवरून पाखरू काढलं. मग उरलेली तीन चिन्हंही काढली.

"टीचर, ती कशाला? त्यांनी कुठे मागितली आहेत?"

"आज ना उद्या मागतील. परक्याच्या ओसरीवर किती दिवस बसायचं?"

"पान ओकंबोकं दिसतं."

"दिसूं दी."

चिन्हं गेली, पण त्यांच्या शेजारी लिहिलेली अक्षरं होती तशीच उरली. त्यात टीचरनी भर घातली: "फोन करा. शांती उचलते. नदी दिसते. पंखा आहे, एसी नाही. सकाळी पदेर आला तर पाव मिळेल, नाही आला तर भाकरी. कार्ड चालत नाही." एवढं राकट पान मी जगाच्या पाठीवर दुसरं पाहिलेलं नाही.

कंपनीने शांतीचं घर अॅपवरून उतरवलं. मोसम सुरू झाला. नदीकाठच्या दारादारावर ते पाखरू बसलं, रात्री त्यात दिवाही लागायचा. शांतीचा फोन वाजेना. आठवडा गेला, आणखी गेले. शेजारच्या घरांत गाड्या लागत होत्या आणि शांती तीन खोल्यांच्या चादरी रोज झटकून पुन्हा तशाच घालत होती. ती आमच्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

टीचरनी पिशवी भरली आणि चोपड्याला जाऊन शांतीच्या तिसऱ्या खोलीत राहिल्या. रीतसर, पाहुण्याचा दर देऊन. मी म्हटलं, "आपण हरलो असं कबूल करायला काय जातं तुमचं?" तर म्हणाल्या, "रिकाम्या घराकडे पाहुणा फिरकत नाही. जनेलात दिवा दिसला पाहिजे, दोरीवर लुगडं दिसलं पाहिजे. मी जाहिरात आहे." आणि पाहुणी म्हणून त्यांनी शांतीला काय छळलं! कढी पातळ, उशी जाड, कोंबडा लवकर आरवतो. शांती वैतागायची, पण वैतागायला कुणीतरी होतं.

मग एक गंमत झाली. बाहेरगावची माणसं यायची, ड्रायव्हर विचारायचा, "पाखराचं घर कुठलं?" आणि काठावर जिकडेतिकडे तेच पाखरू. क्रमांक अंधारात दिसेना. गोलगोल फिरून माणसं शेवटी थांबायची कुठे, तर ज्या एका दारावर काहीतरी निराळं आहे तिथे. बाल्कांवात पांढऱ्या बुटातली एक म्हातारी बसलेली. ती पत्ता सांगायची, पाणी द्यायची, आणि "पुढच्या वेळी सरळ इथे फोन करा, नाव तारीवाल्याचं" असा दमही द्यायची. कोल्हापूरचं एक कुटुंब असं चुकून थांबलं, ते नाताळाला आधी फोन करून आलं आणि सोबत आपल्या व्याह्यांनाही घेऊन आलं. दोन खोल्या भरल्या. शांतीचा फोन वाजायला लागला. कंपनी काही बुडाली नाही. शेजाऱ्यांच्या खोल्याही भरत होत्या. पण शांतीच्याही भरत होत्या.

टीचरना मी शेवटचं पाहिलं ते त्याच नाताळाच्या आठवड्यात. त्यानंतर त्या भावाकडे पाळीला गेल्या आणि पुढच्या पावसात तिथंच वारल्या. मला नुसता फोन आला. तर त्या नाताळात मी चोपड्याला पोचले, तेव्हा बाल्कांवात भांडण चाललेलं.

"टीचर, रागावूं नकात," शांती त्यांची पिशवी हातात घेऊन उभी होती. "नाशिकची माणसां वाटेर आसात. खोली जाय."

"मी पाहुणी आहे! मी आगाऊ दर दिला आहे!"

"परत दितंय."

"माझी उशी आत्ता कुठे सवयीची झाली होती. सुमन, बघ, हीच ती शांती. म्हाताऱ्या बाईला ऐन नाताळात रस्त्यावर काढते आहे."

टीचर तणतणत बूट चढवत होत्या, नाड्या बांधायला वाकल्या तेव्हा मी पाहिलं, त्यांचं तोंड हसून फाटायच्या बेतात होतं. तेवढ्यात फाटकाशी एक गाडी थांबली. नाशिकची नव्हे, भलतीच. काच खाली गेली, एका बाईने डोकं बाहेर काढलं.

"आजी, इथे खोली मिळेल का?"

टीचर ताठ उभ्या राहिल्या. पिशवी काखेत मारली, पदर खोचला आणि साऱ्या नदीकाठाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"नाही. घर भरलंय. मलासुद्धा बाहेर काढलंय!"